पडणाऱ्या माणसाचे पाय

छातीच्या उंचीवरून, म्हणजे साधारण १.२ मीटरवरून, बशी हातातून निसटली तर जमिनीवर पोचायला तिला अर्धा सेकंद लागतो. १९१० साली पॅरिसमध्येही तेवढाच लागत होता. जुने मूक विनोदपट दुरुस्त करणाऱ्यांना या गोष्टीचा फार उपयोग होतो. त्या काळचा कॅमेरा दांडीने फिरवायचा. एका फेऱ्यात ८ चौकटी (फ्रेम) आणि सेकंदाला दोन फेरे असा ढोबळ हिशेब, म्हणजे सेकंदाला १६ चौकटी. बशी सुटल्यापासून फुटेपर्यंत फिल्मवर ८ चौकटी भरल्या, तर कॅमेरा १६च्या वेगाने फिरला होता. सहाच भरल्या, तर कॅमेरामनने हात मुद्दाम सावकाश चालवला होता, पडद्यावर पळापळ जास्त जोरात दिसावी म्हणून. मागे कारंजे असेल, पायऱ्या उतरणारा एखादा वाटसरू असेल, तर त्यांच्यावरूनही ताळा घेता येतो. टोपी किंवा पीस मात्र चालत नाही, हवा त्यांना रोखते.

एवढी उठाठेव एका फुटक्या बशीसाठी कशाला, असा प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की फ्रेंच धडपडपटांत, म्हणजे स्लॅपस्टिकमध्ये, वेग हाच मजकूर असतो. भावनाप्रधान चित्रपटाची प्रत खराब असली तरी गोष्ट कळते, डोळेही पाणावतात. घसरून पडणाऱ्या माणसाची गोष्ट सांगायला गेले तर एका ओळीत संपते: माणूस घसरला. हसू येते ते किती वेळाने घसरला, चौकटीत कुठे होता, आवाज कधी आला आणि त्याचे पाय दिसले का यावर. म्हणून हे चित्रपट ‘उपलब्ध आहेत’ एवढ्यावर समाधान मानणे ही फसवणूक आहे. ज्यांच्या हाती त्यांचे हक्क आहेत आणि ज्यांना त्यांच्या दुरुस्तीसाठी लोकांचा पैसा मिळतो, त्यांच्यावर चित्रपट खुला ठेवण्याचे आणि योग्य रूपात दाखवण्याचे बंधन कायद्याने असायला हवे.

वेगाची गडबड कशी होते ते आधी पाहू. बोलपट आला तेव्हा ध्वनिपट्टीसाठी वेग सेकंदाला २४ चौकटी असा पक्का झाला, युरोपातल्या टीव्हीने तो २५ केला. १६ने चित्रित झालेली फिल्म २४च्या यंत्रावर चढवली की सगळे दीडपट वेगाने धावते. ३०० मीटरचे रीळ १६ वेगाने १६ मिनिटे आणि वर थोडे चालते. २४ वेगाने ते ११ मिनिटांच्या आत संपते. ‘जुन्या चित्रपटांतली माणसे तुरुतुरु चालायची’ हा जो समज घरोघरी आहे, तो बराचसा या साडेपाच मिनिटांच्या चोरीतून आला आहे. यावर पूर्वी एक उपाय करत, दर दुसरी चौकट दोनदा छापायची: १, २, २, ३, ४, ४. सरासरी वेग बरोबर यायचा, पण चाल लंगडायची. धावणारा माणूस मध्येच अडखळतोय असे वाटायचे आणि खरा अडखळण्याचा क्षण त्यात हरवून जायचा. आता डिजिटल प्रोजेक्शनच्या मानकांतही जुन्या चित्रपटांसाठी १६ आणि २०सारखे वेग धरलेले आहेत. तरी दुहेरी चौकटींची २४ची प्रत बनवणे सोपे पडते, ती कुठल्याही यंत्रावर चालते, म्हणून तीच बनते.

गोमाँ कंपनीसाठी ज्याँ द्युराँने १९१२ साली केलेला ‘ओनेझीम ऑर्लोजे’ घ्या. ओनेझीमला वारसा मिळणार आहे, पण वीस वर्षांनी. त्याला धीर नाही. तो शहरातली घड्याळे चालवणाऱ्या मुख्य यंत्रात हात घालतो आणि काळच पळू लागतो. रस्त्यावरची वाहने, बांधकामे, वाढणारी पोरे, सगळे सुसाट. या चित्रपटात नेहमीचा काळ आणि पळणारा काळ यांतला फरक हाच एकमेव विनोद आहे. तो सरसकट दीडपट वेगाने दाखवला तर सुरुवातीपासून सगळेच पळते आहे. मग ओनेझीमने घड्याळात हात घातला काय, न घातला काय!

माक्स लँदेर या विनोदी नटाचे नुकसान याहून गंभीर. रेशमी टोपी, नीट कापलेल्या मिशा, हातात काठी असा हा नखरेल गृहस्थ. त्याचा विनोद धावण्यात नव्हता. अब्रू जाण्याच्या आधीचा जो अर्धा सेकंद असतो, त्यात तो होता. १९२१ साली अमेरिकेत केलेल्या ‘सेव्हन इयर्स बॅड लक’मध्ये आरसा फुटलेला असतो आणि नोकर आरशापलीकडचे प्रतिबिंब बनून मालकाच्या हालचाली उतरवतो. दोघांच्या हालचालींत जो केसाएवढा उशीर आहे, तोच सारा खेळ. वेग वाढला की तो उशीर डोळ्याला दिसेनासा होतो. लँदेर आणि त्याची पत्नी १९२५ साली गेले तेव्हा मुलगी मोद सव्वा-दीड वर्षाची होती. वडिलांचे विखुरलेले चित्रपट शोधण्यात तिने आयुष्य घालवले आणि १९६३मध्ये तीन अमेरिकी चित्रपटांवरून एक संकलन बाहेर काढले. लँदेरने शेकडो छोटे चित्रपट केले, त्यांतला मोठा हिस्सा हरवला. कायद्याने त्याचे काम कधीच मोकळे झाले आहे, पण मोकळे असून उपयोग काय? प्रत नाही, आणि असली तर त्या काळच्या ज्वालाग्राही नायट्रेट फिल्मवर. हा नायट्रेट आधी फिका पडतो, मग चिकट होतो, मग त्यावर बुडबुडे येतात आणि शेवटी तपकिरी भुकटी उरते. पेटला तर पाण्यातही जळत राहतो, कारण जळताना लागणारा ऑक्सिजन त्याच्याच अंगात असतो.

आता पायांकडे वळू. जुन्या चित्रपटाची चौकट जवळजवळ चौरस असते, रुंदी उंचीच्या १.३३ किंवा १.३७ पट. आजचा टीव्ही १.७८ पट. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडल्या की प्रश्न मिटतो. पण पट्ट्या दिसल्या की ग्राहक तक्रार करतो, म्हणून वाहिन्या चित्र फुगवून पडदा भरतात. १.३७चे चित्र १.७८मध्ये बसवताना उंचीचा २३ टक्के भाग कापला जातो. चेहऱ्यावर चालणाऱ्या नाटकात हे कदाचित खपेल. धडपडीच्या विनोदात माणूस नखशिखांत दाखवतात, कारण वर टोपी पडते आणि खाली पाय घसरतो. कापली जातात ती नेमकी ही दोन टोके.

फ्रेंच विनोदी दिग्दर्शक जाक तातीच्या ‘मों ओंक्ल’मधली (१९५८) आर्पेल कुटुंबाची बाग आठवून पाहा. नागमोडी वाट आणि जपून पाय टाकायच्या सुट्या फरशा. पाहुणे गप्पा मारत येतात, शिष्टाचार पाळतात, आणि सगळ्यांची पावले त्या फरशांची गुलाम असतात. खालचा भाग कापला की उरतात ती विनाकारण वाकडीतिकडी चालणारी माणसे. मूकपटांची तऱ्हा आणखी वेगळी: तेव्हा ध्वनिपट्टी नव्हती, चित्र फिल्मच्या पूर्ण रुंदीवर असायचे. ते प्रोजेक्टरच्या बोलपटासाठीच्या झरोक्यातून दाखवले की ध्वनिपट्टीच्या जागेतला डावीकडचा भाग गायब. दारामागून डोकावणारा शिपाई डावीकडे उभा असेल तर त्याला कुणीच पाहत नाही.

चौकटीच्या तळाशी आपल्याकडे आणखी एक गोष्ट येते. १ सप्टेंबर २०२३पासून ओटीटीवरही तंबाखू दिसत असेल तेव्हा पडद्याच्या तळाशी इशारा दाखवावा लागतो. तातीने स्वतः रंगवलेला मस्य युलो तोंडात पाइप घेऊनच वावरतो. म्हणजे जिथे तो जपून पाऊल टाकतो तिथेच इशाऱ्याची पट्टी. तंबाखूविरोधाबद्दल दुमत नाही. सुरुवातीला आणि मध्ये आरोग्यसंदेश द्यावा, जरूर द्यावा. पण अर्धशतक जुन्या चित्रावर कायमची पट्टी चढवणे म्हणजे तंबाखूशी लढताना चित्राचा बळी देणे. फ्रान्सनेही असाच एक घोळ घातला होता. २००९मध्ये सिनेमातेक फ्राँसेझ या चित्रपट संग्रहालयाने तातीवर प्रदर्शन भरवले तेव्हा पॅरिस मेट्रोतल्या जाहिरातफलकावर युलोच्या तोंडचा पाइप काढून तिथे पिवळी भिरभिरी लावली, कारण तंबाखूच्या जाहिरातीला बंदी करणारा १९९१चा एव्हँ कायदा. त्यावर जी टिंगल झाली ती तातीलाही सुचली नसती.

तातीवरून थोडे रेंगाळायला हवे, कारण ‘योग्य रूप’ म्हणजे काय हा प्रश्न त्याच्या बाबतीत खरोखर अवघड होतो. ‘जूर द फेत’चे चित्रण १९४७मध्ये सेंट-सेव्हेर गावात झाले, दोन कॅमेऱ्यांनी: एकात थॉमसनकलर नावाची नवी रंगीत फिल्म, दुसऱ्यात अडीअडचणीला साधी कृष्णधवल. रंगीत फिल्मवर बारीक दंडगोल भिंगांच्या रेघा होत्या आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर तीन रंगांची गाळणी. त्यावरून प्रती छापण्याचे तंत्र कंपनीला जमलेच नाही. १९४९मध्ये चित्रपट कृष्णधवल लागला. १९६४मध्ये तातीने काही ठिकाणी हाताने रंग भरून आणि नवी दृश्ये घालून तो पुन्हा काढला. १९९५मध्ये त्याची मुलगी सोफी तातिशेफ आणि छायालेखक फ्राँस्वा एद यांनी मूळ रंग उलगडून तिसरी आवृत्ती दिली. मग खरा चित्रपट कोणता? १९५३च्या युलोच्या सुट्टीवरच्या चित्रपटाचेही तसेच. त्यात युलोची बोट मधोमध दुमडते. शार्कच्या एका अमेरिकी चित्रपटाची धूम उठल्यावर ताती १९७८मध्ये पुन्हा त्याच किनाऱ्यावर गेला, दुमडलेल्या बोटीला शार्क समजून घाबरणारी माणसे चित्रित केली आणि पंचवीस वर्षे जुन्या चित्रपटात ती जोडली.

२००९ची दुरुस्त प्रत याच शेवटच्या आवृत्तीवर बेतलेली आहे. दिग्दर्शकाने शेवटी जे ठेवले तेच अंतिम, हा तर्क चुकीचा नाही, पण अपुरा आहे. १९५३च्या प्रेक्षकांना शार्क ठाऊक नव्हता आणि तरी ते पोट धरून हसले होते. त्यांनी पाहिलेला चित्रपटही इतिहासात आहे. लोकांच्या पैशातून दुरुस्ती होत असेल तर सर्व आवृत्त्यांची निगेटिव्ह स्कॅन करून ठेवावीत आणि प्रतीवर आवृत्तीचे साल छापावे. जादा खर्च नगण्य, कारण महाग असते ती सफाई, आणि बहुतेक दृश्ये सगळ्या आवृत्त्यांत सारखीच असतात.

‘प्लेटाइम’ (१९६७) मात्र आकाराचाच प्रश्न आहे. पॅरिसच्या सीमेवर तातीने काच आणि पोलादाचे अख्खे शहर उभारले, ७० मिमीवर चित्रण केले, लांबच्या गर्दीत पुठ्ठ्याची कापलेली माणसेही उभी केली, आणि नायकाला त्या गर्दीत सोडून दिले. कुठे पाहायचे हे कॅमेरा सांगत नाही. रेस्टॉरंटचे काचेचे दार फुटते, पण दारवान मूठ हातात धरून हवेतच दार उघडत राहतो, आणि त्याच वेळी चौकटीत आणखी चार गोष्टी चाललेल्या असतात. ८ मीटर उंच पडद्यावर, चौकटीच्या विसाव्या हिश्शाएवढा माणूस ४० सेंटीमीटरचा दिसतो. आडव्या धरलेल्या मोबाइलवर तोच साडेतीन मिलिमीटरचा. मुंगीच्या चालण्यातला विनोद कुणाला दिसणार? मग ‘कंटाळवाणा चित्रपट’ असा शेरा मारून लोक पुढे सरकतात. रंगाचेही तसेच: सगळे शहर राखाडी ठेवले आहे ते मधला एखादा लाल ठिपका डोळ्यात भरावा म्हणून. त्या काळच्या रंगीत फिल्ममधला निळा-हिरवा रंग आधी उडतो आणि प्रत गुलाबी पडते. एकदा गुलाबी पडली की लाल ठिपका कुठेच उठत नाही.

उपशीर्षकांनाही इथे शिस्त हवी. तातीचे संवाद अर्धवट ऐकू यावेत असेच रचलेले आहेत. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन यांची गुणगुण. ‘प्लेटाइम’मध्ये फुसकन हवा सोडणारी खुर्ची आणि सुट्टीच्या चित्रपटात जेवणघराच्या झुलत्या दाराचा ‘प्लाँग’ यांना त्याने वाक्यांपेक्षा मोठा मान दिला. अशा ठिकाणी पुटपुटलेला प्रत्येक शब्द खाली छापला की डोळा तिकडे खेचला जातो आणि वरचा अपघात हुकतो. गरजेपुरतीच ओळ द्यावी, बाकी सोडून द्यावे. पुटपुटणे समजले नाही तर काही बिघडत नाही, फ्रेंच प्रेक्षकालाही समजत नाही.

आता कुलपाकडे. पिएर एतेक्स हा सर्कसवेडा चित्रकार ‘मों ओंक्ल’च्या वेळी तातीचा साहाय्यक होता, विनोदाच्या जागा शोधून द्यायचा, आणि त्या चित्रपटाचे पोस्टरही त्याचेच. पुढे त्याने ज्याँ-क्लोद कारिएरसोबत लिहून स्वतःचे चित्रपट केले. (हाच कारिएर पीटर ब्रूकच्या महाभारत नाटकाचा लेखक.) ‘एरो आनिव्हेर्सेर’ या लघुपटाला ऑस्कर मिळाले: लग्नाच्या वाढदिवसाला घरी निघालेला नवरा पॅरिसच्या वाहतुकीत अडकतो, आणि घरी बायको एकटीच जेवण आटोपत आणते. मग ‘ल सुपिराँ’, ‘योयो’ (१९६५), ‘ल ग्राँ आमूर’ (१९६९). ‘योयो’चा पहिला भाग १९२५ सालातला म्हणून संवादांविना, दारांची करकर मात्र ऐकू येते, आणि तेवढ्या आवाजावर हवेलीची सारी श्रीमंती उभी राहते. हे सगळे चित्रपट वितरणहक्कांच्या वादात अनेक वर्षे कुणालाच दाखवता येत नव्हते. दिग्दर्शक हयात, लेखक हयात, निगेटिव्ह कुजत चाललेली, आणि त्यांनाच आपला चित्रपट दाखवायची मुभा नाही. हजारो लोकांनी सह्यांची मोहीम चालवली, प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१०मध्ये दुरुस्त प्रती थिएटरांत आल्या. तेव्हा एतेक्स ८१ वर्षांचा होता. २०१६ साली तो गेला.

‘बाजार काय ते बघून घेईल’ म्हणणाऱ्यांनी ही दोन उदाहरणे शेजारी ठेवावीत. लुई द फ्युनेस आणि बुर्विल यांचा ‘ला ग्रांद व्हाद्रुय’ (१९६६) फ्रान्समध्ये १ कोटी ७० लाखांहून जास्त तिकिटांवर पाहिला गेला आणि टीव्हीवर आजही लागतो. त्याला कुणाच्या मदतीची गरज नाही. बाजाराने त्याचे छान केले. बाजाराने एतेक्सचे काय केले? ज्या मालाची विक्री निश्चित आहे तो बाजार सांभाळतो. ज्याचे मोल पिढीनंतर कळते, तो कपाटात ठेवून किल्ली विसरतो.

फ्रेंच कायद्यानुसार चित्रपटाचे हक्क दिग्दर्शक, पटकथाकार, संवादलेखक आणि त्यासाठीच संगीत रचणारा संगीतकार यांपैकी शेवटचा जाईपर्यंत आणि पुढे ७० वर्षे टिकतात. कारिएर २०२१ साली वारला. म्हणजे ‘योयो’ किमान २०९१च्या अखेरीपर्यंत बंदिस्त. इतक्या लांब मक्तेदारीच्या बदल्यात समाजाला काही मिळायला नको? फ्रान्सने ७ जुलै २०१६च्या कायद्यात निर्मात्यावर चित्रपट सातत्याने लोकांपर्यंत पोचवण्यासाठी प्रयत्न करण्याचे बंधन घातले. ही दिशा बरोबर, पण ‘प्रयत्न’ हा शब्द फार सैल. ठरावीक वर्षांत, समजा पाच, चित्रपट कुठेही पाहता आला नाही तर सार्वजनिक संग्रहालयाला ठरलेल्या दराने तो दाखवण्याचा परवाना आपोआप मिळावा. मालकी मालकाकडेच राहील, पैसेही त्यालाच मिळतील. जाईल फक्त दडवून ठेवण्याचा अधिकार.

आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातही असे दार आहे, ते फारसे कुणी ठोठावत नाही. कलम ३१ प्रमाणे मालकाने नकार दिल्यामुळे काम लोकांपासून दूर राहत असेल तर सक्तीचा परवाना मागता येतो, आणि २०१२च्या दुरुस्तीनंतर हे केवळ भारतीय कामांपुरते राहिलेले नाही. अडचण अशी की या कलमाखाली आधी मालक सापडावा लागतो, त्याने नकार द्यावा लागतो, मग खर्च करून सुनावणी. चित्रपटांचे हक्क चार वारसांत आणि दोन बुडालेल्या कंपन्यांत विभागलेले असतात, तिथे नकार द्यायलाही कुणी जागेवर नसते.

पैशाबद्दलचा आक्षेप प्रामाणिक आहे: इस्पितळे सोडून लोकांनी केळ्याच्या सालीसाठी पैसे का द्यावेत? फ्रान्समध्ये ही मदत देणारी राष्ट्रीय सिनेमा संस्था, सीएनसी, मुख्यतः सिनेमा आणि टीव्हीवरच्याच करांवर चालते. प्रत्येक तिकिटावर १०.७२ टक्के. आजच्या चित्रपटाचा प्रेक्षक कालच्या चित्रपटाची डागडुजी करतो, इस्पितळाचा पैसा त्यात येत नाही. उलट ज्याला हा पैसा मिळतो त्याने प्रतीच्या सुरुवातीला तीन ओळी छापाव्यात, एवढी अट पुरेशी आहे: सेकंदाला किती चौकटी, चौकटीचे प्रमाण काय, आणि कोणत्या सालची आवृत्ती. औषधाच्या बाटलीवर आपण एवढी माहिती मागतोच.

कायदा होईल तेव्हा होईल. पुण्या-मुंबईच्या फिल्म सोसायट्या आणि महाविद्यालयांचे चित्रपट मंडळ यांना उद्याच्या खेळापासून काही गोष्टी करता येतील. मूकपट असेल तर आधी एखादी पडणारी वस्तू शोधून चौकटी मोजाव्यात. प्रोजेक्टरची पडदाभर पसरवणारी सोय बंद करावी आणि काळ्या पट्ट्यांबद्दल प्रेक्षकांना दोन वाक्यांत सांगून टाकावे. पहिल्या दृश्यात कुणाचे बूट दिसत नसतील तर तिथेच थांबवून चौकट नीट करावी. आणि तातीचा चित्रपट लावला असताना मागच्या रांगेतून कुणी ‘बोललेले ऐकू येत नाही’ म्हणून ओरडले, तरी आवाज वाढवू नये.